दिव्यांगांचा ५ टक्के निधी आणि चढता येईल असा रॅम्प: मागणीपासून मोजणीपर्यंत

आमच्या ग्रामपंचायत कार्यालयाला रॅम्प झाला तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले, आणि त्याच दुपारी माझा एक मित्र तीनचाकी घेऊन चढताना अर्ध्यावरून मागे घसरला. मागे दोन पोरं उभी होती म्हणून वाचला. जोतं दीड फुटाचं आणि रॅम्प सहा फूट लांब. म्हणजे फुटाला तीन इंच चढ. फुटाला एक इंचापेक्षा जास्त चढ असू नये, एवढी साधी गोष्ट गवंड्याला कोणी सांगितली नव्हती. आणि ज्यांच्यासाठी रॅम्प बांधला त्या आम्हीही काम चालू असताना टेप लावून पाहिला नव्हता.

मी स्वतः लहानपणापासून कुबड्यांवर चालतो. तो रॅम्प फोडून पुन्हा बांधून घ्यायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत जे समजलं ते इथे लिहितो आहे. बहुतेक गावांत यासाठी थोडाफार पैसा असतो. अडतं ते दोन ठिकाणी: मागणी वेळेवर जात नाही आणि बिल निघण्याआधी कोणी मोजत नाही.

पैसा कुठला

ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचे आणि खर्चायचे, असं ग्रामविकास विभागाने २०१८ मध्ये ठरवून दिलं. त्याआधी हे प्रमाण ३ टक्के होतं. नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिकांनाही असंच बंधन आहे.

स्वउत्पन्न म्हणजे गावाची स्वतःची कमाई: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं. वित्त आयोगाचा किंवा आमदार निधीचा पैसा यात धरत नाहीत. समजा, तुमच्या गावाचं स्वउत्पन्न १२ लाख आहे, तर दिव्यांगांच्या वाट्याचे ६० हजार झाले. लहान गावात हा आकडा दहा-पंधरा हजारांवरही येतो. म्हणून मोठ्या बांधकामासाठी फक्त या निधीवर विसंबू नका. रॅम्प किंवा स्वच्छतागृह गाव विकास आराखड्यात घालून वित्त आयोगाच्या निधीतूनही करता येतं. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र यांच्या नव्या इमारतीत तर रॅम्प मूळ खर्चातच यायला हवा. त्यासाठी दिव्यांगांचे ५ टक्के वापरू देऊ नका. हे मी जोर देऊन सांगतो, कारण इमारतीचा रॅम्प आमच्या वाट्यातून करायचा आणि आम्हालाच उपकार सांगायचे, हा प्रकार मी पाहिला आहे.

दुसरा पेच निधी कशावर खर्चायचा याचा. बऱ्याच ठिकाणी मार्च अखेर आली की घाईघाईने सगळ्या दिव्यांगांना समान रक्कम वाटून टाकतात, नाहीतर भांडी किंवा छत्र्या वाटतात. रोख रक्कम मागणाऱ्याला मी कधीच नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरी औषधाला पैसे नाहीत, त्याला हजार रुपयेही मोठे असतात. पण पैसे वाटून संपले की पुढच्या वर्षी तीच बाई तीनचाकी रस्त्यावर ठेवून दोघांच्या खांद्यांवरून कार्यालयात येते. यासाठी गावातल्या सगळ्या दिव्यांगांनी आधी एकत्र बसायला हवं. यंदा किती रक्कम वैयक्तिक मदतीला आणि किती सगळ्यांच्या कामाला, हे आपसात ठरवून मगच ग्रामपंचायतीत जायचं. आपल्यात मतभेद दिसला की निर्णय दुसरेच घेतात.

नोंदवही: पहिलं काम, आणि सगळ्यात दुर्लक्षित

ग्रामपंचायतीत दिव्यांगांची नोंदवही मागून पाहा. आपलं नाव आहे का, एवढ्यावर थांबू नका, एकूण नावं मोजा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांहून हे प्रमाण थोडं जास्त आहे. त्या हिशोबाने तीन हजार वस्तीच्या गावात पाऊणशेच्या आसपास माणसं निघायला हवीत. तुमच्या वहीत पंधराच नावं असतील, तर बाकीची घराघरांत बसून आहेत.

नावं गळतात, कारण दिव्यांग म्हणजे पाय नसलेला किंवा न दिसणारा, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया आहेत, हिमोफिलिया आहे, कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं आहेत, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आहेत, पार्किन्सन आहे, मानसिक आजार आहे, स्वमग्नता आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीकडच्या गावांत सिकलसेलची किती घरं असतात, हे तिथल्या आशाताईंना पाठ असतं. म्हणून ही यादी करताना आशाताई आणि अंगणवाडीताईंना सोबत घ्या. कुठल्या घरात कोण पडद्यामागे ठेवलं आहे, हे त्यांनाच माहीत असतं, आणि त्यांच्यासमोर घरचे लोक बोलतातही.

ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही त्यांचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग ठरलेल्या रुग्णालयात तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. बहुतेक योजनांसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं. पण रॅम्प वापरायला प्रमाणपत्र लागत नाही. गुडघे गेलेली आजी, बाळंतीण, हातगाडीवाला, सगळे त्यावरूनच चढतात. ग्रामसभेत ही गोष्ट आवर्जून सांगा, कामाला पाठिंबा वाढतो.

मागणी कधी द्यायची

मार्चमध्ये मागणी केली तर उत्तर येतं, ‘आता पुढच्या वर्षी बघू.’ म्हणून वर्षाची सुरुवात २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून धरा. पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्याची तयारी तेव्हापासून सुरू होते. मग थंडीत ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक आकार घेतं. या दोन्हींत तुमचं काम नावानिशी यायला हवं. ‘दिव्यांग कल्याण: ६०,०००’ एवढीच ओळ असेल, तर ती पुन्हा मार्चमधल्या भांड्यांकडे जाते. ‘ग्रामपंचायत कार्यालयास रॅम्प, दोन्ही बाजूंस कठडा’ अशी ओळ हवी.

तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज लांबलचक नको. आम्ही दिला तो साधारण असा होता:

*प्रति, मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी.*
*विषय: ग्रामपंचायत कार्यालय व समाजमंदिर दिव्यांगांना वापरता येण्याजोगे करण्याबाबत.*
*महोदय, आम्ही खाली सह्या करणारे या गावचे रहिवासी आहोत. कार्यालयाचे जोते १८ इंच असून सध्याच्या रॅम्पवरून व्हीलचेअर किंवा तीनचाकी चढत नाही. तरी (१) १८ फूट लांबीचा, दोन्ही बाजूंस कठडा असलेला रॅम्प. (२) तळमजल्यावर एक सुगम्य स्वच्छतागृह. ही कामे पुढील वर्षाच्या आराखड्यात व अंदाजपत्रकात घ्यावीत. स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधीची चालू व मागील वर्षाची जमा-खर्चाची माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी. कामाचे नकाशे अंतिम करण्यापूर्वी आमच्यापैकी किमान दोघांना जागेवर बोलवावे, ही विनंती.*

शेवटचं वाक्य सोडू नका. सगळ्या अर्जात तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

ग्रामसभेच्या दिवशी विषय वाचला जाऊन इतिवृत्तात उतरतो का, यावर लक्ष ठेवा. सभा वरच्या मजल्यावर असेल, तर चार दिवस आधीच लेखी सांगा की ती खाली घ्या. जिथे आम्हाला चढताच येत नाही, तिथे आमच्याविषयी ठराव कसा होणार? ऐकू न येणाऱ्यांसाठी विषयपत्रिका मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा, आणि खुणांची भाषा जाणणारं कोणी असेल तर त्याला पुढे बसवा.

नकाशावरचे आकडे: इथे वेळ घाला

अंदाजपत्रक या शब्दाने गोंधळ होतो. एक अंदाजपत्रक गावाच्या वार्षिक जमा-खर्चाचं, दुसरं अभियंत्याने केलेलं एका कामाचं, ज्याला सगळे इस्टिमेटच म्हणतात. हे इस्टिमेट होताना तुम्ही तिथे असायला हवं. तांत्रिक मान्यता मिळाल्यावर लांबी वाढवायची म्हटलं, तर सगळं चक्र पुन्हा फिरवावं लागतं.

रॅम्पचं गणित गवंड्याच्या भाषेत सोपं आहे: जोतं जितके इंच, रॅम्प तितके फूट. कागदावर याला १:१२ म्हणतात. १८ इंचाच्या जोत्याला १८ फूट, म्हणजे जवळपास साडेपाच मीटर. चालू शकेल असा हा सर्वात तीव्र चढ आहे, आदर्श नाही. जागा असेल तर याहून सौम्य करून घ्या, कारण हाताने तीनचाकी ओढणाऱ्याच्या खांद्याला १:१२ सुद्धा जाणवतो. एका दमात अडीच फुटांपेक्षा जास्त उंची चढायला लावू नका, मध्ये सपाट टप्पा हवा. समोर एवढी जागा नसेल, तर रॅम्प इमारतीच्या कडेने वळवता येतो. मात्र वळणावर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा सोडावी लागते, नाहीतर चाकं वळत नाहीत.

रुंदी किमान चार फूट, म्हणजे १२०० मिलिमीटर. गावात हाताने चालवायची तीनचाकी व्हीलचेअरपेक्षा रुंद असते, तेव्हा नुसत्या आकड्यावर न जाता गावातली सगळ्यात रुंद तीनचाकी आणून मोजा. वर दारासमोरही पाच फूट सपाट हवं. अनेक रॅम्प थेट उंबरठ्यावर आपटतात. माणूस उतारावर एका हाताने चाक धरतो आणि दुसऱ्या हाताने दार ढकलतो, अशा अवस्थेत हात सुटला की संपलं. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी, आणि उंबरठा काढून टाका किंवा जेमतेम बोटभर जाडीचा, दोन्हीकडे उतरता ठेवा.

कठडा दोन्ही बाजूंना हवा, कारण पक्षाघात झालेल्या माणसाचा एकच हात चालतो आणि जाताना-येताना बाजू बदलते. उंचीही दोन लागतात: एक दांडा साधारण ७६ सेंटिमीटरवर, दुसरा ९० वर. दांडा गोल आणि मुठीत मावणारा असावा, चौकोनी पाइप धरवत नाही. रॅम्पच्या दोन्ही टोकांना तो फूटभर पुढे न्यावा, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाला उतार सुरू होण्याआधी हाताला कळतं. कडेला दोन-चार इंचांची बुटकी किनार घ्या, नाहीतर पुढचं छोटं चाक बाहेर घसरतं.

आणि फरशी. चकचकीत फरशी लावायचा आग्रह गावोगावी असतो, उद्घाटनाच्या फोटोत ती छान दिसते. पहिल्या पावसात तिच्यावर कुबडी टेकत नाही. मी पडलो आहे, म्हणून सांगतो. खरखरीत कोबा करा, ओला असताना आडव्या रेघा ओढून घ्या. सुरुवातीला आणि शेवटी पिवळा पट्टा रंगवा, अंधुक दिसणाऱ्यांना तो दुरून दिसतो. पायऱ्या ठेवल्या असतील तर त्यांच्या कडांनाही तोच रंग द्या. रॅम्प आहे म्हणून पायऱ्या काढू नका. कुबडीवाल्या अनेकांना उतारापेक्षा कठड्याच्या पायऱ्या बऱ्या वाटतात.

स्वच्छतागृह

आत साधारण दोन मीटर बाय सव्वादोन मीटर मोकळी जागा, ४५ ते ४८ सेंटिमीटर उंचीचा कमोड, त्याच्या बाजूला भिंतीत पक्का रोवलेला दांडा, आणि बसल्या जागी हात पोचेल असा नळ. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं घ्या. आत उघडणारं असेल तर आत पडलेल्या माणसाला बाहेर काढता येत नाही. दांडा किती पक्का आहे हे पाहायला एका धट्ट्याकट्ट्या माणसाला त्याच्यावर लोंबकळायला सांगा. स्क्रू पोकळ विटेत असेल तर लगेच कळतं. स्त्रियांच्या बाजूला असं एक हवंच. दिव्यांग बाया दिवसभर पाणी न पिता सरकारी कामाला येतात, हे पुरुषांच्या बैठकीत कोणाला सुचत नाही.

बिलाआधीची मोजणी

काम झालं की शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत मापं लिहितो आणि त्यावर बिल निघतं. तुमची मोजणी त्याच्या आधी झाली पाहिजे. टेपने जोत्याची उंची आणि रॅम्पची तिरकी लांबी मोजा. लांबीचे फूट उंचीच्या इंचांपेक्षा कमी भरले तर चढ जास्त आहे. टेप नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप रॅम्पवर सपाट ठेवा: पाच अंशांच्या आत असेल तर ठीक. आमचा जुना रॅम्प चौदा अंशांचा भरला होता. तीन-चार ठिकाणी ठेवून पाहा, कारण गवंडी बऱ्याचदा शेवटचे दोन फूट एकदम उचलतो.

मग प्रत्यक्ष चालवून बघा. व्हीलचेअर, तीनचाकी, कुबडी, पांढरी काठी, सगळं आणा. मदतीशिवाय वर जाता आलं का, दारात वळता आलं का, खाली येताना थांबता आलं का? तारीख दिसेल असे फोटो काढा, दोष लिहून सगळ्यांच्या सह्यांनिशी द्या आणि पोच घ्या. बिल निघण्याआधी दिलेला कागद ठेकेदाराला परत कामावर आणतो. बिल निघाल्यावर दिलेल्या कागदाची फक्त फाइल होते.

‘ही तर नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत’ असं कोणी म्हणालं तर

२०१६ च्या अधिनियमातलं कलम ४४ सांगतं की सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुधारायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. राजीव रतुरी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की सुगम्यता ऐच्छिक ठेवता येणार नाही, किमान मानकं सक्तीची करा. अधिनियम मोडल्यास कलम ८९ नुसार पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. हे आकडे धमकी म्हणून वापरू नका. अर्जात शांतपणे एक ओळ लिहा, पुरते.

तरीही हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, शुल्क दहा रुपये. मोघम विचारू नका. ‘मागील तीन आर्थिक वर्षांचं स्वउत्पन्न, त्याच्या ५ टक्के रक्कम, प्रत्यक्ष खर्च, लाभार्थी व कामांची यादी, आणि रॅम्पच्या मोजमाप पुस्तिकेतील पानांच्या प्रती’ एवढं मागा. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक नमुना १ मध्ये असतं आणि रोजची जमा-खर्चाची नोंद नमुना ५ च्या रोकड वहीत. नमुन्याचा क्रमांक लिहिला की ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर देणं अवघड जातं. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिलं अपील.

तक्रारीचा क्रम साधारण असा: गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, मग पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. तिथे पाठवताना आधीच्या सगळ्या पोचपावत्या तारखेप्रमाणे लावा. सुगम्य भारत ॲपवर फोटोसह तक्रार टाकता येते, तीही टाका, पण फक्त तिच्यावर थांबू नका.

शहरात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे भांडण बहुधा पदपथाचं असतं. दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेले खांब व्हीलचेअरही अडवतात, आणि न दिसणाऱ्यांसाठीच्या पिवळ्या खाचांच्या फरशा झाडावर किंवा विजेच्या डीपीवर जाऊन संपतात. अशा एकाच रस्त्याचा नकाशा काढा, प्रत्येक अडथळ्याला क्रमांक आणि फोटो द्या, आणि प्रभाग कार्यालयात द्या. ‘शहरातले सगळे पदपथ दुरुस्त करा’ या मागणीला कोणीच जबाबदार नसतं. एका रस्त्याच्या नऊ अडथळ्यांना एक उपअभियंता जबाबदार असतो.

काम झाल्यानंतर

रॅम्पवर मोटारसायकली उभ्या राहतात आणि सुगम्य स्वच्छतागृहात झेंडूच्या माळा, सतरंज्या, जुनी कपाटं जातात. दोन्ही गोष्टी आमच्याकडे महिन्याभरात झाल्या. आम्ही ग्रामसभेत ठराव घेतला की स्वच्छतागृहाला कुलूप लागणार नाही, आणि लावायचंच असेल तर किल्ली शिपायाच्या टेबलावर, तीनचाकीवर बसलेल्याच्या हाताला येईल अशा खिळ्याला. रॅम्पच्या तोंडाशी ‘वाहने लावू नयेत’ असं रंगवलं, आणि खाली तक्रारीसाठी कार्यालयाचा क्रमांक. रोहिणी नक्षत्राच्या आसपास, पाऊस लागायच्या आधी, एकदा रॅम्प ताठ ब्रशने घासून घ्यायचा आणि आषाढात शेवाळ धरलं की परत. ते काम ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराच्या यादीत लिहून घेतलं आहे. यंदा जूनमध्ये कोणी आठवण न करता रॅम्प घासला गेला होता.